शेवटचे दोन रकाने

वधूवर मंडळाचा टॅब बंद पडला, त्यात अण्णा वसगडेकरांचा नुसता फायदाच फायदा होता. त्यांच्या परागबद्दल त्या टॅबमध्ये जे काही लिहून ठेवलं होतं, ते जाणार होतं. ते लिहिणाऱ्या वाळवेकरबाईंचा अकरा वर्षांचा दबदबाही त्याच्याबरोबरच जाणार होता. आणि हे सगळं परस्पर, अण्णांच्या हाताला शाईसुद्धा न लागता. रविवारी मेळावा, पुण्याचे सासवडकर आपली एकुलती एक मुलगी घेऊन यायचे होते, आणि गुरुवारी सकाळी टॅबनं मान टाकली. एखादी गोष्ट इतकी वेळेवर घडली की माणूस देवळात जाऊन नारळ फोडतो. अण्णा माझ्या दुकानात आले.

"नयना," नॅपकिनमध्ये गुंडाळलेला टॅब काउंटरवर ठेवत ते म्हणाले, "फार वाईट झालं गं. बघ जरा."

चेहरा मात्र पेढे वाटायला निघाल्यासारखा होता.

विट्याच्या एसटी स्टँडसमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. समाजाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर समाजातली माणसं हे वाचतील, एरवी ती लग्नपत्रिकेपलीकडे काही वाचत नाहीत. अण्णा म्हणजे भालचंद्र वसगडेकर, कापडाचे व्यापारी, मंडळाचे नऊ वर्षं अध्यक्ष. मी बटण दाबून धरलं. कंपनीचं नाव उमटलं, थरथरलं, गेलं. परत उमटलं, परत गेलं.

"काल अपडेट मागत होता म्हणे," अण्णा म्हणाले. "बाईंनी हो म्हटलं आणि अर्ध्यात चार्जिंग संपलं. वय झालं बाईंचं, दुसरं काय."

अण्णा बाईंपेक्षा दोन वर्षांनी मोठे होते.

मी आवाजाचं आणि चालू करायचं अशी दोन्ही बटणं एकदम दाबून काळ्या पडद्यावरची यादी उघडली. साधे उपाय करून पाहिले. काही उपयोग झाला नाही.

"सिस्टीमच नव्यानं टाकावी लागेल, अण्णा."

"म्हणजे?"

"आतलं सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून भरायचं. विकत आणला तेव्हा होता तसा होईल."

"सगळं पुसायचं?"

"सगळं."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. "अरेरे," ते म्हणाले. नको असलेला पाहुणा गाडीत बसल्यावर आपण म्हणतो ना, तसं. "मग टाक बाई. इलाज नसेल तर काय करणार!"

दुसरा काही इलाज आहे का, हे त्यांनी विचारलं नाही.

"बाईंना विचारायला हवं. यादी त्यांची आहे."

"बाईंचं उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. कशाला त्या बिचारीला ताप देतेस? अध्यक्ष मी आहे ना?" मग आवाज खाली आणून, "आणि हे बघ, जुनं काही चुकूनमाकूनसुद्धा राहायला नको. नवीन म्हणजे कसं, नवीनच पाहिजे."

आता त्या यादीत असं काय होतं ते सांगते.

वाळवेकरबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि मंडळाच्या चिटणीस झाल्या. आधी वह्या होत्या, मग त्यांच्या भाच्यानं टॅब आणून दिला आणि खातं उघडून दिलं. बाईंनी एका हिवाळ्यात वह्यांतली सगळ्या मुलामुलींची नावं एकेका बोटानं त्यात चढवली; पुढे भर पडत ती चारशे बारा झाली. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी, अपेक्षा. इथवर सगळ्या मंडळांत असतं. बाईंच्या तक्त्याला शेवटी आणखी दोन रकाने होते. एक ‘शेरा’ आणि दुसरा ‘सांगणार’.

फोटो पसंत पडला, पत्रिका जमली, की मुलाकडचे नाहीतर मुलीकडचे बाईंना फोन करायचे. याला चौकशी म्हणत. बाई चष्मा लावायच्या, टॅब उघडायच्या, ‘हं’ म्हणायच्या आणि शेरा वाचून दाखवायच्या. एकच वाक्य. त्या एका वाक्यावर लग्न व्हायचं नाहीतर बारगळायचं. ‘सांगणार’ हा रकाना मात्र त्यांनी कधी कुणाला वाचून दाखवला नाही. मेळाव्याच्या दिवशी टॅब हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडायचा, मुलगा किंवा मुलगी स्टेजवर आली की तिची ओळ दाखवायची. त्याआधी बाई स्वतः ते दोन्ही रकाने लपवून ठेवायच्या. मेळावा संपला की परत उघडायच्या.

अण्णांच्या परागच्या शेऱ्यात ‘पिण्याची सवय’ असं होतं. दोन स्थळांनी आडून आडून तसं कळवलं होतं. पराग म्हणजे लग्नाच्या पंगतीत मठ्ठासुद्धा अर्धा पेला घेणारा मुलगा. अण्णांनी हिशेब मांडला की बाई आपल्यावर डूख धरून आहेत. त्यांनी शेरा दाखवायला सांगितला. बाई म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम. अध्यक्षांसाठी वेगळा नाही." त्या दिवसापासून अण्णांना आधुनिकीकरण सुचायला लागलं.

आणि माझं काय? माझं लग्न याच मंडळानं जमवलं होतं. दीड वर्षात मी ते मोडून माहेरी आले आणि दुकान घातलं. तेव्हा आमच्या घरच्या सगळ्या आशा धाकट्या तृप्तीवर होत्या. दिसायला छान, बँकेत नोकरी. एकापाठोपाठ एक सहा स्थळं आली. सहाही पसंती कळवून गेली, सहांनीही बाईंना फोन केला, आणि सहाही जी गेली ती गेलीच. सहाव्या स्थळाच्या मावशीच्या तोंडून शेवटी निसटलं, "मुलीला फिट्स येतात म्हणे!"

तृप्तीला फिट्स! तिला कधी साधा ठसका लागलेला आम्ही पाहिला नव्हता. बाबांनी एका निवडणुकीत अण्णांविरुद्ध अर्ज भरला होता आणि एकोणीस मतं मिळवली होती. हे त्याचंच उट्टं, यावर घरात एकमत झालं. बाबांनी हॉलमध्ये पाऊल टाकणं सोडलं. मी बाईंकडे जाऊन भांडले. त्यांनी मलाही तेच ऐकवलं, "तुझ्या बापाला दाखवला नाही, अण्णाला दाखवला नाही, आणि तुला दाखवू होय? चहा घेणार का?"

म्हणजे गंमत पाहा. त्या एकाच टॅबवर आम्ही दोघं डोळा ठेवून होतो. अण्णांना तो शेरा कायमचा पुसला जायला हवा होता. मला तो चारचौघांत मोठ्यानं वाचला जायला हवा होता, म्हणजे तो कुणी लिहायला लावला तेही त्याच्या शेजारच्या रकान्यात सगळ्यांना दिसलं असतं.

कंपनीची सिस्टीम कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला अख्खी दुपार गेली. शुक्रवारी सकाळी अण्णा स्वतः येऊन स्टुलावर बसले. मी केबल लावली, टॅबवरचं पुसून टाकलं आणि भरायला सुरुवात केली. पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती आणि अण्णा तिच्याकडे निकालाच्या दिवशी उमेदवार बघतो तसे बघत होते. शंभर टक्के झाले. टॅब सुरू झाला, भाषा विचारली, वायफाय विचारलं आणि मग अडून बसला. या टॅबवर आधी जे खातं होतं तेच घाला, त्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

"हे काय आता?"

"चोरीचा टॅब कुणी पुसून वापरू नये म्हणून असतं. बाईंचं खातं आहे, त्यांचा पासवर्ड लागेल."

अण्णा स्टुलावर सावरून बसले. "म्हणजे ते सगळं परत येणार काय?"

"अण्णा, आतलं सगळं पुसलंय. तुमच्या डोळ्यांदेखत पुसलंय."

हे शब्दशः खरं होतं. टॅबमधलं सगळं गेलं होतं. पण बाईंचा तक्ता टॅबमध्ये राहतच नव्हता, तो त्यांच्या खात्यात राहत होता. खातं घातलं की पाच मिनिटांत जसाच्या तसा उतरणार होता. हे मला माहीत होतं, अण्णांना नव्हतं. मी खोटं बोलले नाही, अर्धं बोलले. धंद्यात त्याला खोटं म्हणत नाहीत.

"मग पासवर्ड आण तू बाईंकडून," अण्णा उठत म्हणाले. "पण टॅब मी नेतो. रविवारी स्टेजवरच सुरू करू. उद्घाटन! नवा कोरा टॅब, पहिली नोंद परागची, समोर सासवडकर. कसं वाटतं?"

"फारच छान," मी म्हणाले, आणि मला ते खरंच छान वाटत होतं.

शनिवारी सकाळी मी बाईंकडे गेले. एका डोळ्यावर पट्टी, त्यावर काळा चष्मा, दुसरा डोळा आधीच अधू. खुर्चीत ताठ बसल्या होत्या, वर्गावर बसल्यासारख्या.

"कोण? नयना? चपला बाहेर काढल्यास ना?"

"काढल्या, बाई."

मी त्यांना टॅबची हकीकत सांगितली. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला.

"म्हणजे गेलं सगळं?"

"नाही. तक्ता तुमच्या खात्यात असतो. पासवर्ड घातला की परत येतो."

"सगळा? शेवटच्या रकान्यांसकट?"

"त्यांच्यासकट."

बाईंनी श्वास सोडला. "अण्णाला ठाऊक आहे हे?"

"नाही."

मग मात्र त्या हसल्या. "नारळ फोडणार असेल नाही? फोडू दे. मेळावा झाल्यावर सांगू त्याला, सावकाश." त्यांनी पासवर्ड सांगितला, त्यांच्या पहिल्या वर्गातल्या पहिल्या मुलीचं नाव आणि ते साल. मी कागदावर लिहून घेतला. "आता नीट ऐक. टीव्हीला लावायच्या आधी शेवटचे दोन रकाने बंद करायचे. मला दिसत असतं तर मीच केले असते. येतं ना तुला?"

"येतं, बाई. त्यात काय आहे!"

"त्यात काय आहे ते तू विचारू नकोस. बंद कर म्हणजे झालं. करशील ना?"

"बाई, तुम्ही डोळ्याला जपा."

"मी काय विचारतेय?"

"हो हो," मी म्हणाले.

तो कागद पर्समध्ये घेऊन मी दिवसभर हिंडले. माझ्या मोबाईलवर बाईंचं खातं उघडून तृप्तीची ओळ बघायला दोन मिनिटं पुरली असती. मी बघितली नाही. दुसऱ्याचं खातं चोरून उघडायचं नाही, हा माझ्या धंद्याचा नियम होता आणि त्याचा मला अभिमान होता. शिवाय तिथे काय लिहिलंय ते मला माहीतच होतं. माहीत असलेलं वाचायची कुणाला घाई असते? संध्याकाळी मी बाबांना म्हणाले, "उद्या हॉलवर या. सहा वर्षांत नाही आलात, उद्या या."

"काय आहे उद्या?"

"या तर खरं. चेहरा बघायला मिळेल अण्णांचा."

तृप्ती इस्त्री करत होती. "ताई, काय करणार आहेस तू?" तिनं विचारलं.

"तुझं काम करणार आहे," मी म्हणाले.

तिनं इस्त्री उभी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. काहीतरी विचारणार होती. मग परत कपड्याकडे वळली.

रविवारी हॉल गच्च भरला होता. एका बाजूला मुलं, एका बाजूला मुली, मधे आईबाप, आणि शिऱ्याचा वास. पहिल्या रांगेत सासवडकर, त्यांची पत्नी आणि मुलगी. त्यांच्या शेजारी काळा चष्मा लावलेल्या वाळवेकरबाई, कारण मेळावा चुकवायचा नाही हा त्यांचा आणखी एक नियम. बाबा मागच्या दाराशी उभे होते, केव्हाही निघून जाता यावं अशा बेतानं. पराग पाण्याच्या पिंपाशी पेले भरून ठेवत होता.

स्टेजवर टेबल, त्यावर लाल कापड, त्यावर टॅब. गुरुजींनी टॅबला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. अण्णांनी नारळ फोडला, पाणी टॅबवर उडालं. मी रुमालानं पडदा पुसून काढला आणि पासवर्ड घातला. अण्णा माईकपाशी गेले. टीव्ही त्यांच्या पाठीमागे भिंतीवर होता.

"समाजबंधूंनो आणि भगिनींनो! जुनं जाऊ द्या म्हणतात ते काही उगीच नाही. आज आपलं मंडळ नव्या युगात पाऊल टाकत आहे. जुनी अडगळ पुसून आपण कोऱ्या पाटीवर श्रीगणेशा करतो आहोत…"

तक्ता उतरला. चारशे बारा ओळी, शेवटच्या दोन रकान्यांसकट. मी ते दोन रकाने बोटानं निवडले. ‘लपवा’ असा पर्याय समोर आला. खरोखर, एक बोट टेकवायचं होतं. मी बोट उचललं आणि टीव्हीची केबल लावली.

"…आणि या कारभारात काहीही लपवाछपवी नसेल!" अण्णा सांगत होते. "काय असेल ते सगळ्यांसमोर! उघड!"

त्यांच्या मागे सगळं उघड झालं. नवी नावं बाई वर घालायच्या, त्यामुळे पहिलीच ओळ परागची होती.

मागच्या रांगेतून कुणीतरी फुसकन हसलं. अण्णांना वाटलं, लोकांना मुद्दा पटला. "हसताय काय? टाळ्या वाजवा!" दोघांतिघांनी वाजवल्याही. सासवडकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि शांतपणे विचारलं, "अध्यक्षसाहेब, ‘पिण्याची सवय’ हे समजलं. पण पुढे ‘सांगणार’ म्हणजे काय हो?"

अण्णा वळले.

‘वसगडेकर पराग भालचंद्र. शेरा: पिण्याची सवय असल्याचे कळते. सांगणार: स्वतः मुलगा.’

"खोटं आहे हे!" अण्णा माईकमध्येच ओरडले. "बाईंनी मुद्दाम… पराग! पराग, सांग यांना!"

पराग हातातला पेला खाली ठेवून पुढे आला. कान लाल झाले होते, पण आवाज स्वच्छ होता. "मीच सांगितलं होतं, अण्णा. तुम्हाला तीन वेळा म्हणालो, मला एवढ्यात लग्न नको. तुम्ही ऐकत नव्हता. मग बाईंना म्हणालो, काहीतरी लिहा."

"पण दारू? अरे, दारू?"

"दुसरं काही सुचलं नाही."

सासवडकरांची मुलगी खळखळून हसली. तिच्या पाठोपाठ सगळा हॉल हसला. अण्णा फेट्यासकट स्टेजवर उभे होते आणि त्यांना बसायला खुर्ची सापडत नव्हती. त्या अर्ध्या मिनिटाइतकं सुख मला आयुष्यात फार कमी वेळा मिळालंय. मी दाराकडे बघितलं. बाबा चार पावलं आत आले होते.

इथेच थांबले असते तर! पण मी तिथे अण्णांसाठी गेले नव्हते, तृप्तीसाठी गेले होते. मी बोटानं तक्ता वर सरकवायला लागले. टीव्हीवर ओळी सरसर जात होत्या. मी फक्त ‘तासगावकर’ शोधत होते, बाकीचं वाचत नव्हते. हॉल वाचत होता. ‘पायात दोष आहे असे ऐकिवात. सांगणार: स्वतः मुलगी.’ ‘शीघ्रकोपी. सांगणार: स्वतः मुलगी.’ ‘स्वयंपाकात गती नाही, शिकण्याची तयारी नाही. सांगणार: स्वतः मुलगी.’ हसणं एकेका खुर्चीपाशी थांबत गेलं. मला ते ऐकू आलं नाही. मी आमच्या ओळीवर येऊन थांबले, आणि टीव्हीकडे बोट दाखवायला हात उचललासुद्धा.

‘तासगावकर तृप्ती सदाशिव. शेरा: फिट्स येत असल्याचे ऐकिवात. सांगणार: स्वतः मुलगी.’

मी मुलींच्या बाजूला पाहिलं. तृप्ती माझ्याकडे बघत नव्हती. ती दाराकडे, बाबांकडे बघत होती. तिच्या आजूबाजूच्या मुलीही आपापल्या आईबापांकडे बघत होत्या. काही आया उठून उभ्या राहिल्या होत्या.

सगळ्या हॉलमध्ये फक्त पंख्यांचा आवाज येत होता. पहिल्या रांगेत बाईंनी मान इकडून तिकडे वळवली.

"काय झालं? एवढे गप्प का सगळे?" मग त्या स्टेजकडे वळल्या. "नयना? रकाने बंद केलेस ना गं?"

मी केबल ओढून काढली. तोवर पंचवीसतीस मोबाईल टीव्हीच्या दिशेनं वर झाले होते.

घरी जाताना बाबा पुढे, आम्ही दोघी मागे. कोपऱ्यावर तृप्ती हळू आवाजात म्हणाली, "आणखी दहा महिने हवे होते मला, ताई. फक्त दहा महिने."

"कशासाठी?"

"पलूसला आहे एक जण. शाळेत. कायम झाला की येऊन बाबांना विचारणार होता. आपल्यातला नाही, म्हणून निदान नोकरी तरी पक्की असावी म्हणत होता."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुला?" ती चालता चालता थांबली. "तू काय केलं असतंस सांगू? सगळ्यांना ठणकावून सांगितलं असतंस की माझी बहीण बरोबर आहे. मला कुणी बरोबर ठरवायला नको होतं. मला गप्प राहणारं माणूस हवं होतं. ते एक होतं गावात, तेही तू संपवलंस."

पलूसच्या त्या मुलाला त्याच्या घरच्यांनी दोन आठवड्यांत दूर नातलगांकडे पाठवलं, का तो स्वतःच गेला, ते आम्हाला कळलं नाही. तृप्तीचा मोबाईल बाबांच्या कपाटात गेला. बाबांचा चेहरा सहा वर्षांनी समाजात परत दिसायला लागला. आता त्यांना अण्णांशी भांडायला कारण उरलं नव्हतं. उलट दोघं एकमेकांच्या घरी जायला लागले. मुलांनी फसवलेले बाप म्हणून त्यांची चांगली गट्टी जमली.

पट्टी निघाल्यावर बाईंनी मला बोलावलं. टेबलावर राजीनाम्याचा कागद होता, ‘प्रकृतीच्या कारणास्तव’. अण्णांनी मजकूर तयारच पाठवला होता.

"विसरलीस का?" त्यांनी विचारलं.

"हो, बाई. गडबडीत…"

"तू विसरणारी नाहीस. शाळेत सगळ्यांच्या आधी हात वर करायचीस." त्यांनी सही केली. "खोटं लिहिलं मी, अकरा वर्षं. चारशे बारांत पंधरा ठिकाणी. अकरा मुली, चार मुलं. कुणाला शिकायचं होतं, कुणाचं दुसरीकडे होतं, एकीला नुसतंच नको होतं. मागच्या दारानं यायची पोरं, म्हणायची, बाई, काहीतरी लिहा. मी विचारायची, काय लिहू? ते सांगायचे, मी लिहायची. सांगणाराचं नाव अशासाठी लिहायची, की उद्या त्यांचा विचार बदलला तर खोडताना चूक व्हायला नको."

मी सही केलेला कागद घडी घालून बाजूला ठेवला.

"तुझ्या वेळी तू आली नाहीस माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "वाट बघितली होती मी. चेहऱ्यावर दिसत होतं तुझ्या. आली असतीस तर तुझ्यासाठीही काहीतरी लिहिलं असतं."

चार मुलांचं पुढे काही झालं नाही. ‘स्वतः मुलगा’ ही गावात वर्षभर गंमत झाली, हळदीला वगैरे एकमेकांना चिडवायला बरी. पराग बंगळुरूला निघून गेला आणि त्यानं सवडीनं, स्वतःच्या मनानं लग्न केलं. मुलगा स्वतंत्र विचाराचा आहे, असं अण्णा छाती काढून सांगतात. त्यांची अध्यक्षपदी फेरनिवड झाली, बिनविरोध. सूचक म्हणून सही बाबांची होती.

पुढच्या वर्षी मेळाव्याच्या आधी अण्णा माझ्या दुकानात आले. वार्षिक अहवाल टाइप करून हवा होता. खुशीत होते. "लिही," ते म्हणाले, "या वर्षी मंडळाच्या अथक प्रयत्नांनी नऊ विवाह जुळून आले. मंडळाच्या इतिहासातला हा विक्रम आहे."

त्यांनी नावांचा कागद पुढे सरकवला. नऊ मुली. नऊही त्या दिवशी टीव्हीवर दिसलेल्या, शेवटच्या रकान्यात ‘स्वतः’ असलेल्या. घरच्यांनी धास्ती घेतली आणि मिळेल त्या स्थळाला, मिळेल त्या तारखेला उजवून टाकलेल्या.

"दोन राहिल्यात त्यातल्या," अण्णा म्हणाले. "एक मिरजेला नर्सिंगला पळाली आणि दुसरीचा बाप ढिला आहे. होतील त्याही. तू लिही."

मी लिहिलं. अण्णांचं काही गेलं नाही, बाबांचं काही गेलं नाही, माझं दुकान तर त्या वर्षी चांगलं चाललं. किंमत मोजली ती या नऊजणींनी. त्यातली सहावी तृप्ती, सोलापूरला दिलेली. तिचं नाव मी माझ्या हातानं टाइप केलं.